पोवळ्याची बाग आणि कोळ्याची चूल

गेल्या पौषांतील एका रविवारीं आम्ही सहकुटुंब सहपरिवार गोराईस गेलों होतों. आमच्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात. त्यामुळें सहल म्हटली कीं तिला लहानशा वऱ्हाडाचें स्वरूप येतें, हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस निराळें सांगावयास नको. बोरिवलीच्या अंगास खाडीकांठीं उतरावें, यांत्रिक होडींत बसावें, दोहों तीरांवरील तिवरांची हिरवी दाटी पाहत पाहत अल्पावकाशांत पैलतीर गांठावें, आणि तेथून रिक्षा करून गांव ओलांडून समुद्रावर जावें, असा हा सोपा प्रवास आहे. मुंबईच्या हद्दींतच असलेलें हें गांव कित्येक मुंबईकरांनीं अद्यापि पाहिलेलें नाहीं, याचें आम्हांस नेहमींच आश्चर्य वाटतें.

समुद्रावर मुलांनीं शिंपल्या वेंचण्याचा उद्योग आरंभिला. थोड्या वेळानें घरांतील सर्वांत धाकट्या चिरंजीवांनीं एक पांढरा, छिद्राछिद्रांचा तुकडा आणून आजींच्या मांडीवर ठेविला आणि विचारलें, "आजी, तुझ्या आंगठीतलं पोवळं असंच असतं का ग?" आजींच्या बोटांत मंगळाचें पोवळें गेलीं तीस वर्षें आहे. त्या म्हणाल्या, "अरे, पोवळं तांबडं असतं. हे कसलं?" मग तो तुकडा हातोहात फिरत आमच्याकडे आला, कारण घरांत वाचनाचा नाद म्हणून जो कांहीं लौकिक आहे तो आमचा. आम्हीं तो उलटसुलट करून पाहिला आणि, खरें सांगावयाचें तर, आम्हांस कांहींच सांगतां आलें नाहीं. वडील माणसांचें अज्ञान असें चारचौघांत उघडें पडलें म्हणजे त्याचा एक उपयोग होतो. घरीं गेल्यावर पुस्तकें उघडावीं लागतात. तो तुकडा प्रवाळाचा नव्हता. खडकास चिकटून राहणाऱ्या सागरी किड्यांच्या चुनखडी नळ्यांचा होता. परंतु त्याच्या निमित्तानें जें वाचनांत आलें तें वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें. त्याचा संबंध केवळ समुद्राशीं नाहीं, समुद्रावर पोट असलेल्या माणसांशींहि आहे. आणि, पुढें दिसून येईल त्याप्रमाणें, तुमच्या-आमच्या दिवाणखान्याशींहि आहे.

प्रथम आजींच्या आंगठीचा प्रश्न. हें तांबडें पोवळें आपल्या किनाऱ्यावरचें नव्हे. तें मुख्यत्वें भूमध्य समुद्रांतील असून खडकांच्या अंधाऱ्या कपारींत अगदीं हळूहळू वाढतें; रोमन साम्राज्याच्या काळापासून तें गलबतांतून आपल्या देशांत येत आलें आहे. ज्यास आपण प्रवाळभित्ति म्हणतों ती रचणारे प्राणी ह्या पोवळ्याचे दूरचे भाऊबंद होत. त्यांतील एकेक जीव पुष्कळदां तांदुळाच्या दाण्याहून मोठा नसतो. प्रत्येकानें आपल्यापुरती चुनखडीची वाटी रचावी, तिच्यावर पुढच्यांनीं आपली वाटी रचावी, आणि अशा हजारों वर्षांच्या श्रमानें समुद्राच्या तळावर खडक उभा राहावा, असा हा व्यवहार आहे. वाडवडिलांनीं बांधलेल्या घरावर वंशजांनीं माडी चढवावी, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें वांटणीचा दावा कोणी लावीत नाहीं.

ह्या जिवांच्या शरीरांत एक सूक्ष्म शैवाल वस्तीस असतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें व त्याचा मोठा हिस्सा यजमानास देतें. यजमान त्यास आसरा देतो. शैवालास ऊन लागतें, म्हणून प्रवाळास पाणी उथळ व स्वच्छ लागतें; तें उबदार व खारट असावें लागतें; आणि वरून गाळ पडून चालत नाहीं. अशा जागा समुद्रांत फार थोड्या. सर्व प्रवाळभित्ति एकत्र केल्या तरी समुद्रतळाचा शेंकडा एक भागहि भरणार नाहीं. तथापि सागरी प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकीं सुमारें चतुर्थांश जाती केव्हां ना केव्हां ह्याच खडकांचा आश्रय करितात. तेथें मासे अंडीं घालतात, तेथें पिलें लपतात, आणि मोठीं झालीं म्हणजे बाहेर पडून कोळ्यांच्या जाळ्यांत येतात. लाटेचा जोरहि ह्या खडकांवर मोडतो व मागील किनारा वांचतो. म्हणजे प्रवाळभित्ति ही एकाच वेळीं सूतिकागृह, अन्नछत्र आणि तटबंदी आहे.

आतां गोराईच्या समुद्रांत ही बाग कां नाहीं, हें सांगणें कठीण नाहीं. मुंबईच्या भोंवतालचें पाणी खाड्यांच्या गाळानें गढूळ असतें व त्यांत शहराच्या मैलापाण्याची भर पडते. तरीहि ह्या चिवट जिवांनीं मुंबई अगदींच सोडली आहे असें नाहीं. समुद्रकिनाऱ्याचा नवा रस्ता बांधावयास घेतला तेव्हां हाजी अली व वरळी येथील खडकांवर प्रवाळांचे लहान लहान पुंजके आढळून आले. आणि नोव्हेंबर २०२० मध्यें गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखालीं असे १८ पुंजके तेथून हलवून कुलाब्याच्या नेव्हीनगरच्या बाजूस नेण्यांत आले. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा खडक रचणाऱ्या सर्व प्रवाळांस २००१ सालापासून वाघाइतकेंच संरक्षण देतो; त्यामुळें ही खटपट करणें भागच होतें. तिला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु रस्त्याच्या वाटेंतलें तुळशीवृंदावन उचलून मागल्या अंगणांत नेणें वेगळें, आणि उजाड झालेली बाग पुन्हां वसविणें वेगळें. हें दुसरें काम महाराष्ट्रांत कोठें झालें असेल तर तें मालवणास.

मालवणचा समुद्र वाचकांस ऐतिहासिक कारणानें परिचित आहे. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी आरंभिली व तीन वर्षांत ती पुरी केली. त्या तटाच्या पायाशीं, खडकांच्या आडोशास, प्रवाळांची वस्ती आहे. भर समुद्रांत, विजयदुर्गापासून सुमारें १०५ किलोमीटर पश्चिमेस, कान्होजी आंग्र्यांच्या नांवानें ओळखलें जाणारें आंग्रिया बँक नांवाचें एक बुडालेलें पठारहि प्रवाळांनीं समृद्ध आहे. डिसेंबर २०१९ मध्यें शास्त्रज्ञांच्या एका तुकडीनें तेथें बुड्या मारून पाहणी केली. पण तें सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेरचें. मालवणची बाग मात्र गांवाच्या दारांत आहे, आणि म्हणूनच तिची कथा बोधप्रद आहे.

सरकारनें १३ एप्रिल १९८७ रोजीं मालवण येथें सागरी अभयारण्य जाहीर केलें. त्याचें क्षेत्र सुमारें २९ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग व पद्मगड यांच्या भोंवतालचा तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग त्याचा गाभा म्हणून ठरविण्यांत आला. हेतु उत्तम होता. परंतु ज्या पाण्यांत पिढ्यान् पिढ्या रापण ओढली, ज्या खडकांच्या खुणांवर मुलांस मासेमारी शिकविली, तें पाणी आतां अभयारण्य झालें, ही वार्ता मच्छीमारांस अशा रीतीनें कळली कीं, घरच्याच माणसास आपल्या घराचा व्यवहार शेजाऱ्याकडून कळावा. आपली जाळीं, होड्या व हक्क यांचें काय होणार, ह्या प्रश्नास त्यांच्या समजुतीस पटेल असें उत्तर मिळालें नाहीं. विरोध झाला, तो वर्षानुवर्षें टिकला, आणि अभयारण्य पुष्कळसें कागदावरच राहिलें. प्रवाळांचें संरक्षण झालें नाहीं व कोळ्यांचें समाधानहि झालें नाहीं. दोन्ही पक्षांची हानि करणारी अशी व्यवस्था शोधून काढावयासहि एक प्रकारचें कौशल्य लागतें!

येथें कोणी सुशिक्षित वाचक म्हणेल, "कोळ्यांस निसर्गाची काय पर्वा? कायदा हवाच." आम्हीहि पूर्वीं असेंच समजत होतों. परंतु विचार करतां ध्यानांत आलें कीं, आषाढ-श्रावणांत समुद्रांत न जाण्याची आणि नारळी पौर्णिमेस नारळ वाहून मगच होडी लोटण्याची चाल कोणत्याहि सरकारनें घालून दिलेली नाहीं. मासळीच्या विणीचा काळ आणि तुफानाचा काळ, दोन्ही त्या एका व्रतांत सांभाळले जातात. सरकारची पावसाळी मासेमारीबंदी त्या व्रतामागून आली. ज्या समाजानें स्वतः होऊन वर्षाचे दोन महिने उपास पत्करला, त्यास निसर्गाचें भान नाहीं असें म्हणण्याचा अधिकार आम्हां पोंचते पगारवाल्यांस आहे काय?

ह्या बाबतींत फिलिपाईन्स देशांतील दोन लहान बेटांची हकीकत फार उद्बोधक आहे. सुमिलोन बेटाभोंवतालच्या प्रवाळांचा एक भाग सिलिमन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानें १९७४ सालीं राखीव करण्यांत आला. मासे वाढले, आणि आश्चर्य हें कीं, राखीव भागाच्या बाहेर मासे धरणाऱ्यांचीं जाळींहि भरूं लागलीं. पण ही व्यवस्था वरून आलेली होती. स्थानिक कारभारी बदलले, आणि १९८४ मध्यें राखीव भागांत सर्रास मासेमारी सुरू झाली. वास्तविक जागा वाढली म्हणजे मासळी वाढावयास हवी. परंतु पुढें पाहणी केली तेव्हां सर्व मिळून उत्पन्न निम्म्याहून अधिक घटलें होतें. मुद्दल खाऊन टाकल्यावर व्याज कोठून येणार?

दुसरें बेट आपो. तेथें त्याच विद्यापीठाच्या डॉ. एंजल अल्काला यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घाई केली नाहीं. ते बेटावरच्या कोळ्यांशीं बोलत राहिले, त्यांस सुमिलोनचा अनुभव दाखवीत राहिले. आणि १९८२ मध्यें बेटाच्या एका बाजूचा लहानसा पट्टा राखावा हें बेटकऱ्यांनींच कबूल केलें. पट्टा कोणता, पाहारा कोणाचा, नियम मोडल्यास काय, हें त्यांच्या विचारानें ठरलें. त्यामुळें तो नियम आपला वाटला आणि टिकला. पुढें पाण्याखालची शोभा पाहावयास येणाऱ्यांकडून शुल्क घेण्यांत येऊं लागलें व त्याचा लाभ बेटास मिळूं लागला. डॉ. अल्काला यांस १९९२ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. शास्त्र दोन्ही बेटांवर एकच होतें, शास्त्रज्ञहि तेच. फरक पडला तो विचारून केल्यानें.

आपल्या देशांत ह्याच्या उलट टोंकाचें उदाहरण मन्नारच्या आखाताचें आहे, आणि तें सांगतांना आम्हांस थोडें संकोचल्यासारखें होतें. तेथें रामेश्वरपासून तुतिकोरिनपर्यंत २१ बेटांची माळ होती. चुना व इतर कारखानदारी मालासाठीं तेथील प्रवाळ वर्षानुवर्षें खणून काढण्यांत आलें. खणणारे हात गरीब किनारेकऱ्यांचे होते. विकत घेणारे हात दूरचे होते. खडकाची तटबंदी गेली, लाटांनीं वाळू खाल्ली, आणि त्या २१ पैकीं दोन बेटें पाण्याखालीं गेलीं. आतां संकोच कां, तें सांगतों. आमच्या तीर्थरूपांनीं काशी-रामेश्वर यात्रा केली तेव्हां परत येतांना गंगाजळी, शंख यांच्याबरोबर पांढऱ्या प्रवाळाचा एक सुरेख गड्डा रामेश्वराहून विकत आणला होता. तो आज पन्नासांहून अधिक वर्षें आमच्या दिवाणखान्याच्या कपाटांत कांचेमागें बसला आहे. लहानपणीं आम्ही त्यास दगडी फूल म्हणत असूं. तें फूल कोणत्या तटबंदीचें, हा प्रश्न आमच्या घरांत कोणासहि पडला नाहीं. दूरचे हात ते हेच.

त्याच आखाताच्या कांठीं तुतिकोरिन येथें सुगंधि देवदासन सागरी संशोधन संस्था आहे. प्रवाळांची पुनःस्थापना करण्याचे प्रयोग तिनें २००२ पासून चालविले आहेत, आणि पुढें मालवणास तिचेंच साह्य झालें. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या व जागतिक पर्यावरण निधीच्या मदतीनें सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठीं जी योजना २०११ सालच्या सुमारास आंखण्यांत आली, तिच्यांत हें काम अंतर्भूत होतें. त्याची रीत अशी: निकोप प्रवाळाचे लहान तुकडे, मूळ पुंजक्यास धक्का लागणार नाहीं इतपतच काढावयाचे; ते काँक्रीटच्या लाद्यांवर बांधावयाचे; आणि त्या लाद्या तळावरील चौकटींवर अशा ठेवावयाच्या कीं, खालची वाळू उडून वर बसूं नये. मग महिनोन्-महिने पाणबुड्यांनीं खालीं जाऊन अनिष्ट शैवाल खरवडावयाचें, वाढ मोजावयाची, निसटलेला तुकडा पुन्हां बांधावयाचा. जास्वंदीची फांदी लावणाऱ्या आमच्या भगिनींस हें काम चटकन् समजेल. भेद एवढाच कीं, येथें फांदी वर्षास कांहीं बोटेंच वाढते, आणि माळ्यास पाठीवर हवेचें नळकांडें बांधून बागेंत उतरावें लागतें.

परंतु त्या योजनेंतील आम्हांस अधिक महत्त्वाची वाटलेली गोष्ट लाद्यांची नव्हे. तिच्या जोडीस कोळ्याच्या चुलीचाहि विचार झाला, ही होय. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेंपटीकडील भागांत ४० मिलिमीटरांचे चौकोनी आंस बसविण्याचा प्रचार करण्यांत आला. नेहमींचा शंकरपाळ्यासारखा आंस जाळें ओढलें कीं मिटतो, आणि बोटाएवढें पिल्लूहि आंत अडकतें. चौकोनी आंस ताणावर उघडा राहतो व पिल्लें निसटतात. आज सोडलेलें पिल्लू पुढल्या हंगामांत किलोच्या भावानें परत येतें, हा हिशेब कोळणीस कोणी शिकवावा लागत नाहीं. खेकडे व कालवें पाळण्याचे प्रयोग झाले. किनाऱ्यावरील तरुणांस पाहुण्यांस पाण्याखालची शोभा दाखविण्याचें शिक्षण देण्यांत आलें; म्हणजे जिवंत प्रवाळ हेंच त्यांचें भांडवल झालें. वेंगुर्ल्यास मांडवीच्या खाडींत 'स्वामिनी' ह्या बचत गटांतील स्त्रिया २०१७ पासून पाहुण्यांस होडींतून कांदळवनाची सफर घडवितात. वल्हेंहि त्यांच्याच हातीं आणि माहिती सांगणेंहि त्यांच्याच तोंडीं. झाडें उभीं आहेत म्हणून पाहुणा येतो, पाहुणा येतो म्हणून चूल पेटते, आणि चूल पेटते म्हणून झाडावर कोयता पडत नाहीं.

सर्वच गोड झालें, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. पाहुण्यांची गर्दी वाढली म्हणजे त्याच प्रवाळांवर नांगर पडतात, पोहतां न येणारे हौशी लोक दम घेण्यास त्यांवरच पाय देऊन उभे राहतात, आणि पन्नास वर्षांची वाढ एका टांचेखालीं मोडते. किनाऱ्याजवळ पर्ससीन जाळ्यांनीं थवेच्या थवे ओढून नेणाऱ्यांचा व रापणकरांचा तंटा जुनाच आहे; राज्य सरकारनें फेब्रुवारी २०१६ मध्यें त्या जाळ्यांवर निर्बंध घातले, तरी कुरबुर संपली नाहीं. आणि सर्वांवर कडी करणारें संकट म्हणजे समुद्राची उष्णता. पाणी नेहमींच्या उन्हाळ्याहून अंशभर अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें कीं, प्रवाळाचे जीव आपल्यांतील शैवालास बाहेर टाकतात. रंग उडून खडक पांढराफटक पडतो, आणि ताप लवकर न उतरल्यास उपासमारीनें मरतो. १९९८, २०१० व २०१६ ह्या वर्षांत आपल्या लक्षद्वीपानें हा प्रकार पाहिला. आणि एप्रिल २०२४ मध्यें जगभर पसरलेल्या अशा चौथ्या साथीची घोषणा झाली. ज्या आपो बेटाची वर प्रशंसा केली, तेथील राखीव पट्ट्याची २०११ व २०१२ च्या तुफानांनीं फार नासाडी केली.

मग हे तुकडे बांधीत बसण्यांत अर्थ काय? अर्थ आहे, पण तो मर्यादित आहे, हें स्पष्ट समजलें पाहिजे. लाद्यांवर लावलेले तुकडे हें औषध नव्हे. तें पथ्य पाळणाऱ्यास दिलेलें टॉनिक आहे. गाळ, सांडपाणी, नांगर व अतोनात उपसा हें कुपथ्य बंद केलें तर रोगी तापांतून उठण्याचा संभव अधिक. न केलें तर कितीहि लाद्या बसविल्या तरी त्या थडग्यांच्या शिळा होतील. आणि हें पथ्य पाळणारा कोण? दिल्लीचा शास्त्रज्ञ नव्हे, मुंबईचा सचिव नव्हे. पहांटे त्या पाण्यावर जाणारा कोळीच. त्याचें पोट ह्या पथ्यांत बसत नसेल तर पथ्य मोडणारच, आणि त्याबद्दल त्यास दोष देणें अन्यायाचें होईल. आमच्या मतें ह्या सर्व प्रकरणाचें सार एवढेंच आहे.

येथून पुन्हां गोराईस येऊं. गोराई, मनोरी, उत्तन हीं गांवें ज्या धारावी बेटावर आहेत, तें चिमाजी आप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेंत मोलाचें ठाणें होतें. तेथील कोळी व ईस्ट इंडियन वस्ती त्याहूनहि जुनी. ह्या खाडीस प्रवाळ दिलें नाहीं तरी दैवानें तिवर दिला आहे, आणि जें काम मालवणास प्रवाळ करतें तेंच येथें बहुतांशीं तिवर करतो. त्याच्या वर डोकावणाऱ्या मुळ्या गाळ अडवितात. त्या मुळ्यांत कोळंबीचीं व माशांचीं पिलें वाढतात. निवट्या व चिंबोऱ्या तेथेंच बिळें करितात. भरतीचा जोर तेथें ओसरतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां खाड्या व त्यांच्या कांठचीं दलदलीचीं वनें बुजविल्याची किंमत मुंबईनें मोजली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत उच्च न्यायालयानें कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालानें ती कायम केली. राज्यानें २०१२ सालीं कांदळवन कक्ष स्थापन केला, आणि त्यानें गोराईच्या खाडीकांठीं, बोरिवलीच्या बाजूस, कांदळवन उद्यान उभारण्याचें काम हातीं घेतलें. हें सर्व योग्यच झालें. पूर्वीं ह्या बेटावर मोठमोठे पर्यटनाचे आराखडे निघाले तेव्हां गांवकऱ्यांनीं त्यांस निकरानें विरोध केला, ह्याची मात्र आठवण ठेवली पाहिजे. तिवर आज उभा दिसतो त्यांत न्यायालयाचा वांटा आहे तसा त्यांचाहि आहे.

त्या दिवशीं परततांना होडीस वेळ होता. धक्क्याजवळ एक वृद्ध गृहस्थ जाळें शिवीत बसले होते. आम्हीं जवळ जाऊन विचारलें, "काका, हीं झाडें आतां कोणी तोडूं शकत नाहीं, हें बरें झालें ना?" त्यांनीं सुई थांबविली नाहीं. म्हणाले, "झाडं राहिलीच पाहिजेत, दादा. ती आहेत म्हणून चिंबोरी आहे. पण झाडं कोणाची हे ठरवायला जे येतात, ते चिंबोरी कोणाची हे कधी विचारत नाहीत." इतकें बोलून ते पुन्हां आपल्या कामास लागले. मालवण, सुमिलोन व आपो यांविषयीं आम्हीं पुढें जें वाचलें, तें सर्व ह्या दोन वाक्यांत आलें होतें, हें आम्हांस मागाहून कळलें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मासळी शिजत नाहीं. "आम्हांस ह्या चिंबोरीशीं काय कर्तव्य?" असें कोणी विचारील. पण बोरिवली-दहिसरच्या ज्या मजल्यावर बसून आपण हें मासिक वाचतां, तेथें भरतीचें पाणी शिरत नाहीं ह्याचें थोडें श्रेय त्या खाडीस आहे. आणि मालवणास सहलीस जाणारे, होडी ठरविणारे, किनाऱ्यावर वस्तु विकत घेणारे आपणच आहों. तेव्हां घरांतील वडिलांनीं मुलांस दोन-तीन गोष्टी सांगून ठेवाव्या. पाण्याखालीं पाहावें, पण कशासहि पाय व हात लावूं नये. नांगर खडकावर न टाकणारा, गांवचा, जाणता होडीवाला शोधावा आणि चार पैसे अधिक पडले तरी घासाघीस करूं नये. प्रवाळ, समुद्रपंखा असली वस्तु कोणी देऊं केली तरी घेऊं नये. तो आतां गुन्हा आहे, आणि गुन्हा नव्हता तेव्हांहि तें योग्य नव्हतें. आजींच्या आंगठीविषयीं मात्र आम्हीं घरांत कोणताहि ठराव मांडलेला नाहीं. श्रद्धेच्या वस्तूस हात घालण्याचें धैर्य आम्हांस नाहीं, आणि त्यांनींच परवां आपण होऊन सांगितलें कीं, नातसुनेसाठीं नवें पोवळें घ्यावयाचें नाहीं, हेंच पुढें द्यावयाचें. घरांतील सुधारणा बहुधा अशाच, विचारल्यावांचून लादलेल्या नसल्या म्हणजे, होत असतात.

राहतां राहिला कपाटांतला गड्डा. तो बाहेर फेकल्यानें मन्नारचें बेट वर येणार नाहीं. त्याविषयीं कायद्याप्रमाणें काय करावें हें वन खात्याकडे विचारून तसें करावयाचें आम्हीं ठरविलें आहे. तोंवर धाकट्या चिरंजीवांनीं आपल्या वेड्यावांकड्या अक्षरांत एक चिठ्ठी लिहून त्याच्या पायाशीं ठेविली आहे: "हें दगडी फूल नाहीं. हें कोणाचें तरी घर होतें." शुद्धलेखनाच्या दोन चुका आम्हीं सुधारल्या, मजकुरांत मात्र सुधारण्यासारखें कांहीं आढळलें नाहीं.